शास्त्र, निश्चिती आणि नम्रता
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावे, अशी संघाच्या चालकांनी आज्ञा केली. नुकताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव केला. त्यांत शास्त्र व वैद्यक शाखांत यश मिळविलेली मुलेमुली पुष्कळ आहेत. पुढे ज्यांच्या शब्दावर इतरांचे जीवित अवलंबून राहणार, त्यांच्यापुढे एकच गोष्ट मांडावी असे आम्हांस वाटले : शास्त्राला जे खरोखर ठाऊक असते आणि जे ठाऊक आहे असे आपण मानतो, यांत अंतर असते. कोरड्या तत्त्वचर्चेपेक्षा घडलेली हकीकत अधिक शिकविते, म्हणून आपल्याच मुलखातील एक हकीकत सांगतो.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने प्लेग ओळखला. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे यर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. शत्रू सापडला, मग उणे काय राहिले? उणे एवढेच राहिले की, हा जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोणासच माहीत नव्हते. परंतु माहीत नाही असे म्हणण्याची अधिकाऱ्यांची तयारी नव्हती. घाण, ओल, कोंदट हवा आणि रोग्याचा सहवास हीच कारणे, असे गृहीत धरून काम सुरू झाले. गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडले गेले, घरांना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून कौले उतरविली गेली, सामानसुमान जाळले गेले. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या माणसांना छावणीत नेण्यात आले. पुण्यात गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या झाल्या आणि त्या संतापातून १८९७ च्या जून महिन्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता याच रोगाने वारल्या.

इकडे साध्या लोकांच्या पाहण्यात एक गोष्ट आली होती. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि रानात झोपडी घालून राहावे, हे गावोगाव लोक जाणत होते. कारण त्यांना सांगता येत नव्हते, पण निरीक्षण खरे होते.

१८९८ साली कराची येथे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते कारण शोधले. पिसवांनी भरलेला रोगी उंदीर त्याने एका मोठ्या काचपात्रात ठेवला. तो मरणपंथास लागला, तेव्हा एक निरोगी उंदीर लहान पिंजऱ्यात घालून त्याच पात्रात वर टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते, मात्र पिसवांना उडी मारून वर पोचता येत होते. काही दिवसांनी दुसरा उंदीरही प्लेगने मेला. जेथे पिसवा नव्हत्या, तेथे रोग पसरला नाही. उंदीर मरून थंड पडला की पिसवा त्याला सोडून जिवंत देह शोधतात, हा त्याचा उलगडा होता.

त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग कमिशनने मात्र हे मत मानले नाही. कमिशनात मोठे विद्वान होते. मुंबईत पुढे सूक्ष्म प्रयोग होऊन हेच मत सिद्ध होईपर्यंत आणखी कित्येक वर्षे गेली. १८९६ नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत या देशात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगला बळी पडली. ती सर्व वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. परंतु विद्वानांच्या खात्रीचे मोलही दुसऱ्यांनाच द्यावे लागते, हे विसरता येत नाही.

दुसरी हकीकत हाफकिन यांची. या थोर पुरुषाने मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशी झाली, दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे निष्पन्न झाले की, गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. १९२५ पासून परळची ती संस्था त्यांचेच नाव धारण करते. चौकशी करणाऱ्यांनीही आपल्या निष्कर्षाविषयी थोडी शंका बाळगली असती, तर एका उपकारकर्त्याचा छळ टळला असता.

यावरून कोणी म्हणेल, शास्त्र चुकते, तर मग शास्त्र कशाला? हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. कमिशनची चूक कोणा मांत्रिकाने दाखविली नाही. ती काचपात्रातील उंदराने, म्हणजे शास्त्राच्याच रीतीने दाखविली. शास्त्र चुकले म्हणून गंडादोरा खरा ठरत नाही. उंदीर पडताच घर सोडणारे लोकच इस्पितळात विष घालतात ही अफवाही खरी मानीत होते, हे लक्षात ठेवावे. अनुभवालाही तपासणी लागते.

२०२० सालची साथ तर आपण सर्वांनी भोगली. आरंभी किराणा सामान धुवून घेतले. निरोग्याने मुखपट्टी लावण्याचे कारण नाही, असे प्रथम सांगण्यात आले आणि नंतर ती सर्वांनी लावावी असे ठरले. रोग हवेतून पसरतो हे मान्य होण्यास वेळ लागला. सल्ला बदलला म्हणून कित्येक घरांत सल्ला देणाऱ्यांवरचा विश्वासच उडाला, आणि लस घ्यावी की न घ्यावी यावरून बापलेकांत, भावाभावांत वितुष्ट आले. आमच्या मते दोष सल्ला बदलण्यात नव्हता. नवा पुरावा आल्यावर मत बदलणे हाच प्रामाणिकपणा होय. दोष होता तो प्रथमच फार खात्रीने बोलण्यात. आज आम्हांस इतकेच कळते, त्यावरून हे करणे बरे, उद्या अधिक कळल्यास सांगू, असे म्हटले असते तर लोकांनी ते समजून घेतले असते.

तरुण मित्रांनो, उद्या रोग्याचे आप्त हात जोडून तुम्हांस विचारतील, डॉक्टर, नक्की ना? तेव्हा जेवढे नक्की आहे तेवढेच नक्की म्हणा. उरलेल्याविषयी शंका बोलून दाखवा, परंतु शंका आहे म्हणून उपाय करण्याचे थांबू नका. लस शंभर टक्के निर्धोक नसेल, तरी रोगाहून पुष्कळ निर्धोक असते, आणि हे तोलून पाहणे हीच विवेकबुद्धी. आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, मला ठाऊक नाही असे मुलाने म्हटले तर ते त्याचे अज्ञान समजू नका. पुष्कळ शिकल्याखेरीज हे वाक्य तोंडून निघत नाही.