सेवा आणि वेठ

(हिवरा आश्रम, ता. मेहकर, येथें स्वयंसेवक व वाजंत्री मंडळींच्या बैठकींत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



मला बोलण्याची संवय नाहीं असें मी म्हणणार नाहीं. मास्तरकी करणाऱ्या माणसाला तें शोभत नाहीं. पण आज मी मास्तर म्हणून उभा नाहीं. येथल्या पंगतींत बादली घेऊन फिरणारा एक वाढपी, आणि बँडांत ट्रंपेट वाजविणारा एक वाजंत्री, या दोन नात्यांनीं मी उभा आहें. या दोन कामांत माझें निम्म्याहून जास्त आयुष्य गेलें. त्यांतून मला जें एक कळलें, तें तुमच्यापुढें ठेवावें एवढाच हेतु आहे. त्यांत माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागेल. ती मी लपविणार नाहीं.

शुकदास महाराजांनीं १९६५ सालीं येथें विवेकानंद आश्रम उभा केला. २०१७ सालीं महाराज गेले, पण काम थांबलें नाहीं. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. तिथि पौष वद्य सप्तमी, आणि येथला उत्सव तिथीप्रमाणें होतो. त्या वेळीं शेतांत जी पंगत बसते ती तुम्हीं पाहिलीच आहे. पुरी आणि वांग्याची भाजी, एवढाच बेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळींमधून हळूहळू चालतात आणि हजारों स्वयंसेवक वाढीत जातात. बसायला जमीन. पाटील असो कीं सालदार असो, मांडी तीच घालावी लागते. माझ्या बादलीपुढें आजवर जीं माणसें बसलीं, त्यांतल्या कोणाची जात मीं विचारली नाहीं, आणि त्यांनींही माझी विचारली नाहीं.

त्या पंगतींत वाढपी सर्वांच्या शेवटीं जेवतो. उन्हांत पाय भाजतात, हात भाजीनें माखतात, आणि शेवटीं उरेल तें तो खातो. त्याचा त्याला अपमान वाटतो काय? नाहीं. उलट तो घरीं जाऊन अभिमानानें सांगतो. कारण तें शेवटचें जेवण त्यानें स्वतः पत्करलेलें असतें.

आतां लग्नाच्या मांडवांत चला. तेथेंही एक माणूस शेवटीं जेवतो. तो वाजंत्री. सकाळपासून तो फुंकीत असतो. वरात त्याच्या तालावर नाचते, नवरदेव त्याच्या सुरावर मांडवांत येतो. जेवणाची वेळ झाली कीं त्याला सांगतात, "जरा थांबा, पाहुणे होऊं द्या." पाहुणे होतात, मग घरचे होतात, मग स्वयंपाकी होतात. मग मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, बँडवाल्यांची पत्रावळ पडते. जेवण तेंच, शेवटची वेळही तीच. पण येथें तें त्याच्या माथीं मारलेलें असतें. पहिली सेवा झाली. दुसऱ्याला आपल्या भाषेंत जुना शब्द आहे: वेठ.

मी बँडांत कसा आलों तें सांगतों. मी कुणब्याचा मुलगा. अकरा वर्षांचा असतांना गांवांतल्या बँडमागें धांवत असें. त्या बँडचे वस्ताद मातंग समाजाचे. एके दिवशीं त्यांनीं माझ्या हातांत ट्रंपेट दिलें आणि म्हणाले, "फुंक." मीं गाल फुगवून फुंकलें. सूर निघाला नाहीं, नुसती हवा निघाली. सगळे हंसले. वस्ताद हंसले नाहींत. ते म्हणाले, "हवा समद्यांजवळ हाय. ओठ बांधता आले पायजेत." घरीं हें कळलें तेव्हां वडिलांनीं दोन दिवस माझ्याशीं बोलणें टाकलें. आजी म्हणाली, "कुणब्याचं पोर वाजंत्र्यांत जाते काय?" मी गेलों. एका भाकरीचा वाद गांवानें चार वर्षें चघळला, कारण मी वस्तादांच्या घरीं जेवत असें.

बंधूंनो, हें वाद्य वाजविणें सोपें आहे असें समजूं नका. ट्रंपेटला पिस्टन तीन. मधला दाबला तर सूर अर्ध्या स्वरानें उतरतो, पहिला दाबला तर एका स्वरानें, तिसरा दाबला तर दीड स्वरानें. बाकीचें सारें ओठांवर आणि श्वासावर. पिस्टन तेच ठेवून ओठ आवळले कीं सूर वर चढतो, सैल सोडले कीं खालीं येतो. हिवाळ्यांत पितळ ओठांना चावतें, ओठ फुटतात; त्यांवर तूप लावून पुन्हां फुंकावें लागतें. वस्तादांनीं मला पहिला महिनाभर गाणें शिकविलेंच नाहीं. नाल्याच्या काठीं उभें करून एकच सूर लांबवायला लावला. पुढें मी अध्यापक विद्यालयांत गेलों. तेथें पुस्तकांत वाचलें कीं सोप्याकडून अवघडाकडे जावें, माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे जावें. मला हंसूं आलें. हें सूत्र मला एका निरक्षर माणसानें आधींच शिकविलेलें होतें. आज तेच वस्ताद मला "गुरुजी" म्हणतात. मला लाज वाटते, पण ते ऐकत नाहींत.

हा पितळी बाजा आपल्याकडे इंग्रजांच्या फौजेबरोबर आला. संस्थानिकांनीं तो दरबारीं ठेवला. मग मीरतच्या जली कोठी भागांत हीं वाद्यें आपल्याच कारागिरांच्या हातून होऊं लागलीं आणि गांवोगांव पोंचलीं. तीं उचललीं कोणीं? ज्यांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या हलगी, ढोल आणि सनई होती त्यांनींच. नवें वाद्य, परकें वाद्य, पुस्तक नाहीं, शाळा नाहीं. तरी कानानें ऐकून त्यांनीं तें आपलेंसें केलें. याला विद्या म्हणावयाचें नाहीं तर कशाला म्हणावयाचें? ज्यांच्या नांवानें हा आश्रम आहे ते विवेकानंद संन्यास घेण्यापूर्वीं गाणें आणि पखवाज शिकलेले होते. १८८७ सालीं 'संगीत कल्पतरु' नांवाचा गीतसंग्रह त्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर तयार केला. त्यांच्या हातांतला पखवाज विद्या, आणि आमच्या वस्तादांच्या हातांतला ट्रंपेट मात्र जातीचा धंदा, हा न्याय कोठला?

आतां माझी चूक सांगतों. सुमारें बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. शेजारच्या एका गांवीं सार्वजनिक कार्यक्रम होता. चार प्रतिष्ठित मंडळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, गांवाचें काम आहे, तुमचा बँड सेवा म्हणून आणा." मला मोठें बरें वाटलें. मीं कोणालाही न विचारतां शब्द देऊन टाकला. दिवस वैशाखांतला. दुसऱ्याच दिवशीं त्याच तारखेची लग्नाची सुपारी आली. वस्तादांनीं माझ्या शब्दाखातर ती परत केली.

आम्ही अकरा जण गेलों. भर उन्हांत तीन तास वाजविलें. व्यासपीठावर मला बोलावून शाल आणि नारळ दिला, आणि सेवाभावी शिक्षक म्हणून टाळ्या वाजल्या. बाकीच्या दहांना लिंबाखालीं पोहे दिले. परततांना टेंपोंत कोणी बोलेना. शेवटीं वस्ताद हळूच म्हणाले, "गुरुजी, सेवा तुमची झाली अन् उपास आमच्या घरी घडला."

मंडळी, मला कोणीं चाबूक मारला असता तरी इतकें लागलें नसतें. मीं त्या रात्रीं हिशेब केला. माझा पगार महिन्याचे महिने येतो, वाजविलें तरी आणि न वाजविलें तरी. त्यांचें वर्ष तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत. पुढें सोयाबीनची निंदणी, सोंगणी आणि कापसाची वेचणी, तीही कोणी बोलावील तेव्हां. वैशाखांतला एक मुहूर्त म्हणजे मुलाची वही, म्हाताऱ्याचें औषध आणि किराण्याची उधारी. तें सारें मीं दान केलें, आणि पुण्य मात्र माझ्या नांवावर जमा झालें! दुसऱ्याच्या ताटांतली भाकरी उचलून दिली तर तें दान होत नाहीं. २०२० सालीं टाळेबंदी लागली, लग्नाचा बाजा बंद पडला. माझा पगार चालू राहिला आणि त्यांच्या पेट्यांवर धूळ बसली. तेव्हां हा फरक ज्यांना दिसला नव्हता त्यांनाही दिसला.

हा प्रश्न नवा नाहीं. १९२७ सालच्या महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेबांच्या सांगण्यावरून अनेक गांवच्या लोकांनीं हीन मानलेलीं गांवकामें टाकलीं. त्यांत गांवाच्या हुकुमावरून वाजविणेंही होतें. वाद्यांत दोष होता म्हणून कां? नाहीं. हुकुमांत दोष होता. ज्याला "नाहीं" म्हणतां येत नाहीं, त्याच्या "हो"ला कांहीं किंमत नसते. त्याउलट सत्यशोधकांच्या जलशांत ढोलकी आणि तुणतुणें घेऊन लोक आपखुशीनें गांवोगांव हिंडले. तींच वाद्यें, तेंच हिंडणें. पण मन मोकळें होतें.

दूरचें उदाहरण घ्या. इंग्लंडांत गिरणीकामगारांचे आणि खाणकामगारांचे बँड आहेत. ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ सालचा, म्हणजे सत्तावनच्या बंडाआधींचा. दिवसभर कामावर राबून हे लोक संध्याकाळीं तालमीला बसत. ते हौसेनें वाजवीत. त्यांना तें परवडे, कारण पोटाची मजुरी त्यांना गिरणीकडून मिळालेली असे. ग्रिमथॉर्प नांवाच्या गांवचा खाणकामगारांचा बँड १९१७ सालचा. १९९२ च्या ऑक्टोबरांत त्यांची खाण बंद होणार असें जाहीर झालें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्यांनीं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षीं खाण बंद झाली, बँड मात्र जगला. तेथें बँड हा साऱ्या गांवाचा मान समजतात. आपल्याकडे बँड गांवाच्या उपयोगाचा, पण मान मांडवाबाहेर!

त्या दिवसानंतर आम्हीं बँडांत तीन नियम केले. फुकट वाजवावयाचें कीं नाहीं हें एकट्यानें ठरवूं नये. सर्वांनीं बसून ठरवावें, आणि एकाचीही अडचण असेल तर जाऊं नये, हा पहिला. ज्याला बांधलेला पगार आहे त्यानें सुपारीचा वांटा घेऊं नये. तो पैसा पेटींत टाकावा आणि आजारपणाला व वाद्यांच्या दुरुस्तीला वापरावा, हा दुसरा. आणि विसार घेतांनाच यजमानाला सांगावें कीं बँड पाहुण्यांच्या पंगतींत जेवेल, हा तिसरा. या तिसऱ्या नियमामुळें आमच्या कांहीं सुपाऱ्या गेल्या. वस्ताद म्हणाले, "जाऊ द्या." पण ज्या घरांनीं तो मानला, त्यांच्या दारांत आमचा सूर चढाच लागला.

कोणी म्हणेल, मास्तर सेवेला पैशांत मोजतात. तसें नाहीं. माझे हेच भाऊ दर वर्षीं पौषांत येथें येतात. पौषांत लग्नें जवळजवळ नसतात, दिवस त्यांचा स्वतःचा असतो. कोणीं बोलावलेलें नसतांना ते बादली उचलतात आणि दिवसभर वाढतात. त्यांना सेवा शिकवायला जाऊं नका. ती त्यांना येते. त्यांच्यावर ती लादूं नका, एवढेंच माझें म्हणणें आहे.

आणखी एक गोष्ट बोलून संपवितों. आतां डीजेचा धडाका आला आहे. छाती हादरते, म्हातारीं माणसें दारें लावून बसतात. रात्रीं १० पासून पहाटे ६ पर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा असा नियम २००० सालचा आहे. तो पाळणारे किती, हें तुम्ही जाणतां. त्या आवाजाखालीं आमच्यासारखे बँड दबून चालले आहेत. वस्तादांचीं स्वतःचीं नातवंडें पितळाला हात लावीत नाहींत. मीं कारण विचारलें तर मोठा नातू म्हणाला, "शिकलो तर लोक आमची जात दूरूनच ओळखतील." या उत्तरावर मजजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर एकच आहे. बाजा एका जातीच्या दारांतून उचलून शाळेच्या दारांत आणला पाहिजे. कुणब्याचीं, माळ्याचीं, मातंगाचीं, बौद्धांचीं, मराठ्यांचीं, ब्राह्मणाचीं, साऱ्यांचीं मुलें आणि मुलीसुद्धां एका ओळींत उभ्या राहून फुंकूं लागल्या, तर ट्रंपेटवर कोणाची जात लिहिलेली राहणार नाहीं. माझ्या शाळेंत आम्हीं गेल्या वर्षीं सात मुलांवर सुरुवात केली. त्यांत तीन मुली आहेत. वाद्यें जुनीं, आमच्या पेटींतल्या पैशानें दुरुस्त केलेलीं. शिकवायला वस्ताद येतात, आणि त्यांना मानधन मिळतें. तें आधीं ठरवून, हातांत देऊन. फुकट नाहीं. ते वर्गांत आले कीं मुलें उभीं राहून नमस्कार करतात. पहिल्या दिवशीं वस्ताद मागें वळून पाहूं लागले, कीं आपल्या मागून कोण मोठा माणूस आला!

तेव्हां पुढच्या वेळीं कोणाला सेवेला बोलावाल तेव्हां आधीं विचारा, "तुमच्या घरची चूल पेटली आहे ना?" ती पेटली असेल आणि तो हंसत आला, तर त्याचा सूर ऐका. आणि तो वाजवून थकला कीं त्याला पहिल्या पंगतीला, आपल्या शेजारीं बसवा.