लाळ, विषाणू आणि घशाचा कर्करोग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य खडू-फळ्यापाशी गेले. तरी आज या विषयावर बोलण्यास कारण घडले. आपल्याच ज्ञातीतील एका घरी घशाचा कर्करोग झालेल्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे ताट-तांब्या वेगळे काढण्यात आले व नातवंडांस त्यांच्याजवळ बसण्याची बंदी झाली. हा रोग विषाणूने होतो, तेव्हा उष्ट्यातून लागणारच, असा घरच्यांचा तर्क!

यातील विषाणूची गोष्ट खरी आहे. हॅराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार हुडकून काढला. त्या कार्यास २००८ साली नोबेल पारितोषिक लाभले. टॉन्सिलच्या कर्करोगाशीही याच विषाणूचे नाते आहे, हे अमेरिकेत मॉरा गिलिसन यांनी सहकाऱ्यांसह २००० साली दाखविले. पेशींच्या बेसुमार वाढीस आळा घालणारी दोन प्रथिने आपल्या शरीरात असतात. हा विषाणू नेमकी तीच निकामी करतो. वर्गातील दोन्ही मॉनिटरांस कोणी कोंडून घालावे, मग वर्गाचे जे होईल तेच येथे होते.

परंतु संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत हा विषाणू घालवून देते. थोड्यांतच तो वर्षानुवर्षे दडून राहतो. तो पसरतो मुख्यतः शरीरसंबंधातून, व त्यात मुखाचा संबंधही आला. सभेत हे उच्चारताना संकोच होतो, पण न उच्चारल्यानेच ताटे वेगळी होतात. शिवाय बहुसंख्य प्रौढांस हा संसर्ग केव्हा ना केव्हा होतोच. तेव्हा रुग्णाच्या चारित्र्याची चौकशी मांडणे हा शुद्ध अन्याय होय. लाळेतून सहज पसरणारा विषाणू निराळा, एप्स्टाइन-बार नावाचा, १९६४ साली उजेडात आलेला. नाकामागील घशाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. तो रोग दक्षिण चीनमध्ये व आपल्या नागालँडमध्ये विशेष आढळतो. मात्र हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांत असतो, आणि कर्करोग होतो तो फार थोड्यांस. कर्करोग स्वतः एकाचा दुसऱ्यास लागत नाही.

आता तंबाखूभक्तांनी विषाणूवर खापर फोडून मोकळे होऊ नये. आपल्याकडील गालाच्या व हिरडीच्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू, मिश्री आणि सुपारी हेच. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. आपल्या कार्यांतील सुपारीचे तबक मात्र अद्याप फिरतेच आहे!

पॅपिलोमा विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लशीस २०२२ साली परवानगी मिळाली. संसर्गापूर्वी, नऊ ते चौदा या वयात ती घेतल्यास उत्तम. झालेला संसर्ग ती बरा करीत नाही. "कुमारिकेस असली लस कशाला?" असे आया विचारतात. गोवराची लस गोवर निघण्याआधीच टोचतात ना? अमेरिकेत २०२० पासून अशा एका लशीच्या उपयोगांत घशाच्या कर्करोगाचा प्रतिबंधही धरला आहे, म्हणून मुलग्यांविषयीही डॉक्टरांस विचारावे.

तोंडातील न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, गिळताना अडखळणे, यांपैकी काही तीन आठवडे टिकले तर तपासणी करावी. मानेतील गाठ दुखत नाही म्हणून कित्येक जण स्वस्थ बसतात. वास्तविक विषाणूजन्य घशाच्या कर्करोगाची ती पुष्कळदा पहिली खूण असते, आणि तंबाखूजन्य रोगापेक्षा या रोगास उपचारांचा गुण बहुधा अधिक चांगला येतो.