वर गेलेली गोळी



गेल्या लग्नसराईत एका वरातीत कुणा हौशी पाहुण्याने बंदुकीचे दोन बार आभाळात काढले. बँडवाल्याच्या मुलाने आम्हांस विचारले, "काका, गोळी गेली कुठं?" आम्ही युनियनची माणसे; बोनसचा हिशेब तोंडपाठ, पण याचे उत्तर ठाऊक नव्हते. शाळा चौथीत सुटली, तेव्हा पुस्तकांनाच शरण गेलो.

अमेरिकन लष्करातील हॅचर नावाच्या अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास फ्लॉरिडात पाण्यावर मचाण उभारून रायफलच्या गोळ्या सरळ वर झाडून पाहिल्या. सुटताना सेकंदाला आठशे मीटरच्या घरात धावणारी गोळी पावणेतीन किलोमीटर वर जाते, थबकते आणि उलटी फिरते. खाली येताना वेग वाढतो, तसा हवेचा अडथळाही वाढतो. तो गोळीच्या वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. हा वेग भरला सेकंदाला सुमारे नव्वद मीटर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर! मूळ जोराचा ऐंशीवा हिस्साच उरतो हे खरे, पण माणसाच्या टाळूला तेवढा पुरे. शिवाय वरातीत बंदूक सरळ उभी कोण धरतो? तिरपी सुटलेली गोळी टोक पुढे ठेवून, याहून अधिक वेगाने, भलत्याच आळीत उतरते. पोर्तो रिको बेटावर २००३ सरताना नववर्षाच्या अशा गोळीबारात १९ जण जखमी झाले, त्यांतला एक दगावला. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने जिवाला धोका होईल अशा हर्षाच्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहेत.

रिकामी पुंगळी तशी गरीब. पोकळ, हलकी, तापलेली असते, पण पायाशीच पडते. तिचा धोका निराळा. ती पितळेची, आणि पितळेला भंगारात भाव आहे. भाव आहे म्हणून गरीब माणूस वाकतो, आणि हाती आलेले काडतूस रिकामे की जिवंत, हे त्याला कोण सांगणार? शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानाभोवती अशीच भंगार वेचणारी माणसे असत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे मुदत संपलेला माल उतरवताना स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत रोजंदारीचे मजूर होते.

मुलाला आम्ही हे सारे सांगितले. तो म्हणाला, "मग आम्ही उभं कुठं राहायचं?" वरातीत पाहुणे मांडवात शिरतात, वाजवणारा उघड्यावरच असतो. बँडवाल्यांची बैठक घेतली. ठरले ते असे : बार निघाला की वाजप बंद, सगळे पक्क्या स्लॅबखाली, टिनाच्या पत्र्यावर भरवसा नाही. बिदागी मात्र पूर्ण घ्यायची.