वसंतात निघणारे पाहुणे

मी कविता लिहितो, पक्षितज्ज्ञ नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी बदलापूरच्या एका शाळेत मला कवितावाचनासाठी बोलावलं होतं. त्या काळी माझ्या कवितांमध्ये चातक फार. विरह आला की चातक, पाऊस लांबला की चातक. वाचन संपलं, टाळ्या झाल्या आणि सातवी-आठवीतला एक मुलगा उभा राहिला. ‘सर, चातक केवढा असतो?’ मी हातानं काहीतरी अंदाजे दाखवलं. ‘आणि रंग कोणता?’ ‘करडा,’ मी ठोकून दिलं. घरी येताना एका मित्राकडून सलीम अलींचं पुस्तक मागून आणलं आणि चित्र पाहिलं. चातक वरून काळाभोर, खालून पांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा, उडाला की पंखावर पांढरा ठिपका. करडा कुठंच नाही. ज्याच्या जिवावर इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, तो रस्त्यात भेटला असता तर मी त्याला ओळखलं नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण उशिरा लागली.

पुढच्याच रविवारी उल्हासनगरच्या बाजारातून एक दुर्बीण घेतली. तिच्यावर ‘मेड इन यूएसए’ असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद जुनाच आहे. दुर्बीण मात्र अजून चालते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आठवते ती गर्दीनं फुटणारी लोकल, जीन्स शिवणाऱ्या गल्ल्या आणि रासायनिक कारखाने. ते खरंच आहे. पण एका बाजूला मलंगगडापासून माथेरानपर्यंत गेलेली डोंगररांग, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी आणि तिच्या पलीकडे बारवी धरणाचं जंगल, अशा बेचक्यात आम्ही राहतो. पक्ष्यांना या बेचक्याची माहिती आपल्यापेक्षा जुनी आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनशायर परगण्यात असतो. त्याला पक्ष्यांचा नाद नाही, पण शेजाऱ्यांना आहे. दर एप्रिलमध्ये त्याचा फोन येतो, ‘मामू, आज इधर पहली अबाबील दिखी.’ अबाबील म्हणजे आपली माळभिंगरी. दुभंगलेल्या शेपटीची, गळ्याशी तांबूस, विजेच्या तारांवर ओळीनं बसणारी. तिकडची माणसं तिची वाट पाहतात. थंडी संपली, हे कॅलेंडर सांगतं त्यावर त्यांचा विश्वास नसतो, भिंगरी आली की बसतो. आणि गंमत अशी, की ज्या आठवड्यात भाच्याकडे ती येते त्याच सुमारास आमच्या वांगणीकडच्या तारा रिकाम्या होऊ लागतात. सुरुवातीला मला वाटलं, इथून उठते ती तिकडे जाऊन बसते. तसं नाही. तिकडची भिंगरी हिवाळा काढते थेट दक्षिण आफ्रिकेत. आमच्या तारांवरच्या हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला पिल्लं वाढवायला जातात. पक्षी एकाच जातीचा, पण वसंताचा अर्थ दोन ठिकाणी उलटा.

मी ज्या घरात वाढलो तिथं उर्दू शायरी कानावर पडत होती. तिच्यात बहार आली की बुलबुल येतो. आमच्याकडे बुलबुल बारा महिने समोरच्या शेवग्यावर बसून असतो. तो कुठून येत नाही आणि कुठं जात नाही. उलट चैत्राची चाहूल लागली की पाहुणे बांधाबांध करायला लागतात. आमचा वसंत हा निरोपाचा ऋतू आहे, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर कळलं.

या निरोपातला सगळ्यात देखणा सोहळा पळसमैनांचा. कुणी त्यांना भोरड्या म्हणतात. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. फाल्गुनात बारवीच्या रस्त्याला काटेसावर, पळस, पांगारा फुलतात आणि या फुलांतल्या रसासाठी त्यांची झुंबड उडते. भांडणं, कलकलाट, चोचीला लागलेले पराग. संध्याकाळी त्यांचे थवे आभाळात असे वळतात, जणू कुणी काळी ओढणी झटकतं आहे. एप्रिलमध्ये त्या निघतात मध्य आशियाकडे. तिथं खडकाळ जागी वसाहती करून अंडी घालतात, टोळ खाऊन पिल्लं पोसतात. आणि जुलै-ऑगस्टपासून परतूही लागतात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने त्या आपल्या देशात असतात. तरी पुस्तकात त्या पाहुण्या. जिथं जन्म झाला ते घर, असा नियम कुणी केला कोण जाणे. उल्हासनगरात हा प्रश्न विचारू नये. फाळणीनंतर लष्कराच्या छावणीत येऊन उतरलेल्या माणसांनी वसवलेलं हे गाव आहे.

पक्ष्यांची मराठी नावं मी शिकलो ती मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’तून. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. गप्पीदास, शेकाट्या, तुतवार, नवरंग. ही नावं नुसती मोठ्यानं वाचली तरी माझ्यासारख्या माणसाचा दिवस बरा जातो.

नोंदवही ठेवायला लागलो त्याला आणखी एक निमित्त झालं. 2007 मध्ये बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसच्या पुढाकारानं ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला होता. सामान्य माणसांनी स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी दिसला, ते कळवायचं, एवढंच काम. पहिल्या दिवसाची नोंद सोपी असते. गणपतीच्या आसपास दगडावर शेपूट हलवत करडा धोबी दिसला की आपण हरखतो, तारीख लिहितो. शेवटच्या दिवसाचं तसं नाही. तो त्या दिवशी कळतच नाही. काल होता, आज आहे, उद्या असेल असं वाटतं. चार दिवसांनी लक्षात येतं, की अरे, सोमवारी दिसला तोच शेवटचा. आणि सोमवारी आपण काही लिहिलेलंच नसतं.

अंबरनाथजवळ काकोळे गावापाशी एक तलाव आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून जीआयपी रेल्वेनं बांधलेला. इंजिनं गेली, तलाव राहिला. आज प्रवासात आपण ‘रेल नीर’ची बाटली घेतो, तिच्यातलं काही पाणी इथलं असतं. मी दुर्बीण घेतल्यापासून रविवारी सकाळी अब्बांना घेऊन तिथं जायचो. ते काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मोतीबिंदूमुळे दूरचं नीट दिसत नसे, तरी बांधावर बसत. मी ‘धोबी’ म्हणालो की ते म्हणत, ‘अरे, ममोला बोल.’ उर्दूत त्याला ममोला म्हणतात. आमचा वाद ठरलेला. ‘अब्बा, तो पाण्याच्या कडेला असतो, कपडे आपटल्यासारखी शेपूट आपटतो, म्हणून धोबी.’ ‘मग आपल्याकडे नाव ठेवणाऱ्यांनी काय विचार केला नसेल?’

एका मार्चमध्ये आम्ही असेच जाऊन आलो. त्यानंतर अब्बा आजारी पडले आणि पावसाळ्याआधी गेले. तो शेवटचा रविवार कोणता, हे मी वहीत खूप शोधलं. सापडला नाही. त्या दिवशी नवं काही दिसलं नव्हतं, फक्त नेहमीचा धोबी होता, म्हणून मी वही उघडलीच नव्हती. तेव्हापासून मी रोज लिहितो. नवं काही नसलं तरी. ‘धोबी, एक.’ एवढंच लिहिलेली कितीतरी पानं माझ्या वहीत आहेत.

वालधुनी नदी याच परिसरातून निघते. शिलाहारांनी 1060 मध्ये पूर्ण केलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला ती लागून वाहते. नंतर कारखान्यांचं आणि गावाचं सांडपाणी मिळतं आणि कल्याणच्या खाडीपर्यंत पोचेतो तिला नदी म्हणवत नाही. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये रात्री कुणी टँकरमधलं रसायन तिच्यात ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना, रुग्णालयात न्यावं लागलं. यावर मी तावातावानं बोलायला हवं, पण एक अडचण आहे. माझं घर चाललं ते याच भागातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधल्या नोकरीवर. मुलींची शिक्षणं त्याच पगारातून झाली. तेव्हा मी पुलावर उभा राहतो आणि मोजतो. लांब गुलाबी पायांचे शेकाटे त्या काळ्या पाण्यात वाकून वाकून काही टिपत असतात. त्यांना चालतं म्हणजे पाणी चांगलं आहे असं नव्हे. इतर कितीतरी जाती आता तिथं उतरत नाहीत, हे वहीची जुनी पानं चाळली की दिसतं.

निरोपाचं खूप झालं. येणारेही आहेत. आमच्याकडे ते येतात मेअखेरीला, रोहिणी लागल्यावर.

एका मेमध्ये उल्हासनगरातल्या ओळखीच्या जीन्सवाल्याचा सकाळी फोन आला. ‘शायरसाहब, जल्दी आओ, कारखाने में रंगीन चिड़िया गिरी है.’ गेलो तर शिलाई मशिनींच्या मध्ये, निळ्या चिंध्यांवर नवरंग. हिरवी पाठ, निळा खांदा, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल रंग. नवरंग रात्रीचा प्रवास करतो. शहरातल्या दिव्यांनी भांबावून, भिंतींवर-काचांवर आपटून असे थकलेले नवरंग त्या दिवसांत आपल्याकडे सापडतात. कारागिरांपैकी एकजण त्याच्या चोचीत बाटलीनं पाणी ओतू पाहत होता. त्याला थांबवलं, तसं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत कापड घातलं, झाकण लावून अंधारात ठेवलं. जाणकार मित्राला आणि वनखात्याला कळवलं. तोवर बारा मशिनी बंद. मालक एरवी पाच मिनिटांचा हिशेब ठेवणारा, पण त्या दिवशी काही बोलला नाही. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी झाडोऱ्यात खोकं उघडलं. तो पानांवर दोन उड्या मारून थांबला, मग दिसेनासा झाला. थोड्या वेळानं झाडीतून दोन सुरांची शीळ आली. ती त्याचीच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिथं तेव्हा आणखीही नवरंग असतील.

पावशाही त्याच सुमारास ओरडू लागतो. आमची दादी म्हणायची, तो ‘पी कहाँ’ विचारतो. बदलापूरचे शेतकरी म्हणतात, ‘पेरते व्हा’ सांगतो. एकच ओरडणं, घरच्या भाषेत विरह, लिहिण्याच्या भाषेत कामाला लागा. मला दोन्ही ऐकू येतं.

आणि चातक? तो आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या पुढं-मागं येतो. 2020 मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांना उपग्रहाशी जोडणारी छोटी यंत्रं बसवली आणि त्यांची नावं ठेवली मेघ आणि चातक, म्हणजे शास्त्रज्ञांनाही कवींनी पछाडलेलं आहेच. मला तो पहिल्यांदा दिसला त्या शाळेतल्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी, 7 जूनला, बदलापूरबाहेरच्या बाभळीवर. पाऊस अजून पडायचा होता. चोच वर करून आभाळाकडे तो काही बघत नव्हता. एक केसाळ सुरवंट फांदीवर घोळवून घोळवून खात होता. खाली सातभाईंचा थवा कलकलाट करत होता, आणि त्यांना कारणही होतं. चातकाची मादी आपली अंडी त्यांच्याच घरट्यात घालते. मी त्याच्याकडे पाऊण तास पाहिलं. त्यानंतर माझ्या कवितेत चातक आलेला नाही. त्या मुलाला रंग कळवायचा मात्र राहून गेला. तो आता तिशीचा असेल. ऐकत असशील तर बाबा, काळा आणि पांढरा.

हे बोलणं लिहून काढलं त्या सकाळी कामावर जाताना तारेवर अकरा भिंगऱ्या होत्या. आदल्या दिवशी तेवीस होत्या. दोन्ही आकडे वहीत लिहिले आहेत.