आधी देणे, मग दान

व्यवसायाची सामाजिक जबाबदारी स्वेच्छेचीच असावी, सक्तीचे दान हे दानच नव्हे, असे व्यक्तिस्वातंत्र्यवादी मानतात. मिल्टन फ्रीडमन यांनी तर १९७० साली कायदा व रूढ नीती सांभाळून नफा मिळवणे हेच व्यवस्थापकाचे कर्तव्य ठरवले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील २ टक्के समाजकार्यासाठी मागितले, त्यावर या विचाराचा आक्षेप हाच.

हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मात्र तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तपासून पाहावा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला शासनाने दीर्घ मुदतीच्या कराराने, सवलतीच्या दरात बांबू दिला. करार शासन आणि कारखाना यांचा. त्या बांबूवर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्या गोंड गावांची संमती कोणी विचारली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावास सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला.

स्वेच्छेचे तत्त्व प्रामाणिक असेल, तर ते देणाऱ्यापुरते थांबत नाही; ज्याच्याकडून घेतले त्याच्या संमतीचाही ते हिशेब मागते. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली अन्याय्य प्राप्तीचे परिमार्जन आवश्यक मानले, ते याचसाठी. म्हणून खऱ्या स्वातंत्र्यवाद्याची जागा येथे ग्रामसभेच्या बाजूला आहे. शाळेची इमारत, दवाखान्यातील खाटा यांचे स्वागतच. पण आधी देणे फिटावे, मग दानाची भाषा व्हावी.