‘नकोशी’ या नांवाचा अर्थ

(शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज एका नांवाविषयीं बोलावयाचें आहे. तें देवाचें नाहीं, संताचें नाहीं, नदीचें नाहीं. तें नांव ‘नकोशी’. कोठें त्याचा उच्चार नकुशी होतो, कोठें नकुसा. अर्थ सांगावयास पंडित लागत नाहीं. जी हवी नव्हती ती नकोशी. मुलीवर मुली झाल्या, कीं शेवटच्या पोरीच्या कपाळीं हें नांव येतें. ‘नकोसा’ हें नांव पोराला ठेविलेलें तुम्हीं कधीं ऐकलें आहे काय?

कोणी म्हणेल, आपल्यांत धोंडू, दगडू, कोंडाबाई अशीं नांवें आहेतच. त्यांतलेंच हें एक. नाहीं, बंधूंनो. हीं नांवें एका दावणीला बांधूं नका. लागोपाठ लेंकरें दगावलीं, म्हणजे पुढचें तरी जगावें, त्याला दृष्ट लागूं नये, म्हणून आईबाप त्याला दगड किंवा कोंडा म्हणत. समजूत खोटी, पण तिच्या पोटांत माया होती. दगडू म्हणणाऱ्या आईला लेंकरूं जाईल अशी भीति होती. नकोशी म्हणणाऱ्या घराला तें आल्याचें दुःख आहे.

दुसरा कोणी ग्रंथाकडे बोट दाखवील. शूद्राचें नांव निंदादर्शक असावें, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे, हें खरें. नदीचें, झाडाचें, पक्ष्याचें नांव असलेली मुलगी करूं नये, असें तिसऱ्या अध्यायांत आहे. आपण तें कधीं जुमानलें? गंगू, यमुना, कृष्णा, तुळसा, मैना यांनीं आपलीं घरें भरलीं आहेत. पण स्त्रीचें नांव उच्चारावयास सोपें व मंगल असावें, असेंहि त्याच ग्रंथांत सांगितलें आहे. तेव्हां ‘नकोशी’ हें नांव मनूच्या माथीं मारतां येत नाहीं. तें आपल्याच ओसरीवर, आपल्याच हिशेबांतून जन्मलें.

तो हिशेब असा : मुलगा म्हणजे जमिनीचा वारस व चितेला अग्नि देणारा, मुलगी म्हणजे हुंड्याचें कर्ज व परक्याचें धन. हा हिशेब एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. हरियाणांत अशा मुलीला ‘भतेरी’ म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. तामिळ मुलखांत ‘वेण्डाम’ म्हणतात. त्या शब्दाचाहि अर्थ ‘नको’ असाच आहे.

नांवामागें एक आशा असते, कीं पोरीला नकोशी म्हटलें म्हणजे पुढें मुलगा होतो. शास्त्र काय सांगतें तें ऐका. आईच्या बीजांत नेहमीं एक्स असतो. बापाच्या बीजांत कधीं एक्स असतो, कधीं वाय. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे सुनेला बोल लावण्यास कांहींच आधार नाहीं. आणि बापाच्याहि हातांत तें नाहीं. चार मुलींनंतर पांचव्या खेपेलाहि मुलगा होण्याचा संभव जवळजवळ निम्माच. नांवानें बीज बदलत नाहीं.

सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव नायगांव सातारा जिल्ह्यांत आहे. त्याच जिल्ह्यांत शेंकडों नकोशा निघाल्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यास समारंभ होऊन २८५ मुलींना नवीं नांवें मिळालीं. हें फार चांगलें झालें. शाळेंत हजेरीच्या वेळीं रोज आपलें नकोसेंपण ऐकावयाचें, याहून मोठी शिक्षा कोणती? पण त्याच वर्षाच्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागें मुली फक्त ८९४ भरल्या. २००१ सालीं त्या ९१३ होत्या. गर्भाचें लिंग तपासण्यास १९९४ च्या कायद्यानें बंदी आहे. तरी कित्येकींना ‘नकोशी’ एवढें नांवसुद्धां मिळालें नाहीं. त्या पोटांतच संपल्या.

आतां करावयाचें काय? ज्यांच्या घरीं नकोशी आहे त्यांनीं तिचें नांव बदलावें. सरकारी राजपत्रांत नांवबदल छापून येतो. त्याच्या आधारें पुढचीं कागदपत्रें दुरुस्त करून घ्यावीं. नवें नांव तिला विचारून ठेवावें, कारण तें तिला जन्मभर वापरावयाचें आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव लिहिण्याचा नियम आपल्या राज्यांत झाला आहे. उद्यां ही नकोशी आई होईल, तेव्हां तिच्या लेंकराच्या नांवापुढें हा शब्द लागावा काय?

पण नुसतें नांव बदलून भागणार नाहीं. हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सर्व देशानें २००५ सालीं मान्य केला. आपण काय करतों? बहिणीला भाऊबीजेचें लुगडें देतों आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतों. तिनें वांटा मागितला, तर माहेर तुटलें म्हणून समज, असा दम भरतों. मग ती वैशाली असो कीं लक्ष्मी असो, तो कागद तिला नकोशीच म्हणतो.

म्हणून येथें बसलेल्या भावांना माझें सांगणें आहे. बारशाला चांगलें नांव ठेवा, शाळेंत तेंच लिहा, आणि सात-बाराच्या उताऱ्यावरहि तेंच नांव राहूं द्या.