पांडवांचे देऊळ आणि दारावरचा लेख

(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



आपले देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, कोंबडा आरवला आणि शिखर अर्धेच राहिले, असे मी आजीकडून ऐकले. शाळेत गुरुजींनी सांगितले, हे हेमाडपंती. पुढे चार गावे हिंडलो तेव्हा कळले की हीच हकीकत जो तो आपल्या देवळाची म्हणून सांगतो.

अंबरनाथच्या शिवालयाचे कर्तेही लोकांच्या तोंडी पांडवच. पण तेथे दाराच्या तुळईवर लेख सापडला. त्यात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री झाला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी!

नाशिकच्या पांडवलेण्यांचे तसेच. ब्राह्मी लेख सांगतात की ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरली. नहपान राजाचा जावई उषवदात याने एक लेणे दिले आणि भिक्षूंसाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज. आमच्या खजिनदारांनी हे ध्यानात घ्यावे. पुढे भिक्षू गेले, लिपी वाचणारा कोणी उरला नाही, आणि रिकाम्या लेण्यांत लोकांनी पांडव नेऊन बसवले. तरी घरदार सोडून रानात राहिलेले कोणी येथे होते, एवढी खूण कथेने जपली. हा माझा तर्क आहे. शास्त्राधार मागू नये.

आता आपला पारावरचा शेंदराचा ‘भीम’. तो वीरगळ आहे. खाली गाई आणि पडलेला वीर, मध्ये लढाई, वर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून, माथ्यावर चंद्रसूर्य. गाई राखताना मेलेला कोणी माणूस, बहुधा आपल्याच शिवारातला. त्याचे नाव गेले, गाई राहिल्या.

त्याच्या जोडीचा दुसरा दगड मागच्या डागडुजीत पायरीखाली गेला. तो ढकलायला मीही हात लावला होता. तेव्हा मी पोरसवदा होतो, आणि अडवणारे कोणी नव्हते. यंदा पायरी काढली तेव्हा तो निघाला. पालथा घातला होता म्हणून कोरीव काम शाबूत राहिले. समितीने तो ओवरीत उभा केला, याबद्दल मी मनापासून आभार मानतो.

भीम म्हणून हात जोडणाऱ्या आयाबायांना कोणी अडवू नये. फक्त ऑइलपेंट लावू नका.

देणगीदारांच्या नावांची पाटी अजून कोरायची आहे. तिच्यावर शके आणि सन दोन्ही घाला, आणि पाथरवटांची व गवंड्यांची नावेही घाला. जागा कमी पडत असेल तर माझे नाव गाळावे.